तीन शिट्ट्या म्हणजे नक्की किती? कुकरच्या आत काय चालतं

भाताला तीन, वरणाला चार, राजम्याला आठ. आपल्या स्वयंपाकघरात हे एकक इतकं रुळलंय की पाककृतींतही मिनिटांच्या जागी शिट्ट्याच लिहिलेल्या असतात. पण तीच तूरडाळ एका घरी तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते आणि दुसऱ्या घरी सहा शिट्ट्या होऊनही तिच्यात कणी राहते. पहिली शिट्टी यायला दहा मिनिटं लागतात, पुढच्या मात्र अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला येतात. कधी शिट्टीच होत नाही, नुसती कडेने वाफ जात राहते. हे असं का होतं, हा प्रश्न कुकर लावणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला असतो.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकूया. शिट्टी हा जास्तीची वाफ बाहेर पडल्याचा आवाज आहे, बाकी काही नाही. आतलं अन्न किती अंशांना, किती वेळ शिजलं याचा हिशेब ती ठेवत नाही. तो आपल्यालाच ठेवावा लागतो, आणि तो अजिबात अवघड नाही.

120 अंश येतात कुठून?

समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यात पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. एकदा खळखळ सुरू झाली की गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याहून गरम होत नाही. जादा उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि ती वाफ घरभर जाते. म्हणूनच उघड्या पातेल्यातली डाळ मोठ्या आचेवर लवकर शिजत नाही, फक्त लवकर आटते.

कुकरमध्ये वाफेची वाट अडवलेली असते. वाफ साठते, दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उकळबिंदूही वर चढतो. घरगुती कुकर बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो जास्त दाबावर चालेल असा बनवलेला असतो. या दाबाला पाणी उकळतं साधारण 120 अंशांना. फरक 20 अंशांचाच, पण शिजण्याची क्रिया ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट वेग घेते. म्हणजे 20 अंशांना चौपट. उघड्यावर तासभर घेणारी डाळ पाव तासात होते ती यामुळे.

उंचावरच्या गावांत हा फरक जास्त जाणवतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,372 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उघडं पाणी 95 अंशांच्या जरा वरच उकळतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ते 88 अंशांच्या आसपास उकळतं आणि पातेल्यातला राजमा दिवसभर टणक राहतो. कुकर मात्र बाहेरच्या दाबावर आपला 1 किलो चढवतोच, त्यामुळे महाबळेश्वरला आत सुमारे 118 आणि लेहला 114 अंश मिळतात. डोंगराळ भागात कुकरशिवाय कडधान्य शिजवणं म्हणजे इंधनाची नासाडी, ते याचसाठी.

ते छोटंसं वजन काय करतं?

झाकणावरच्या नळीवर आपण जी शिट्टी ठेवतो ते फक्त एक मोजून घडवलेलं वजन आहे. नळीचं भोक 3 मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण 0.07 चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला 1 किलो या हिशेबाने आतल्या वाफेचा वर ढकलणारा जोर भरतो 70 ग्रॅम. म्हणजे 70 ग्रॅमचं वजन बरोबर 1 किलो दाबाला उचललं जाणार. सगळं गणित एवढंच.

एका कंपनीच्या कुकरवर दुसऱ्या कंपनीची शिट्टी ठेवू नये असं म्हणतात, त्याचं कारण या गणितात आहे. तेच 70 ग्रॅमचं वजन 4 मिलिमीटरच्या भोकावर ठेवलं तर ते अर्ध्या किलोच्या थोडं वर दाब होताच उडेल. शिट्ट्या भरपूर होतील आणि डाळ कच्ची राहील. उलट 3 मिलिमीटरच्या भोकावर 120 ग्रॅमचं वजन बसवलं तर शिट्टी व्हायला 1.7 किलो दाब लागेल, आणि झाकण व रिंग तेवढ्यासाठी बनवलेली नसतात. बाजारातून सुटी शिट्टी आणताना कुकरचं मॉडेल सांगूनच आणावी.

आता शिट्टी थांबून थांबून का होते ते पाहू. वजन बसलेलं असताना वाफेचा जोर फक्त नळीच्या भोकाएवढ्या जागेवर लागतो. ते केसभर उचललं गेलं की तीच वाफ वजनाच्या तळाच्या आणखी मोठ्या भागावर आदळते. जोर एकदम वाढतो, म्हणून वजन हळूहळू न उचलता झटक्यात उडतं. आतला दाब 1 किलोच्या खाली आला तरी ते वरच राहतं आणि दाब बराच उतरल्यावर टपकन बसतं. मग पुन्हा दाब साठायला सुरुवात.

याच वेळी आत काय होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. दाब अचानक उतरल्याने 118-120 अंशांवरचं पाणी एकदम उसळतं. डाळ ढवळली जाते, फेस वर चढतो आणि वाफेबरोबर पिवळं पाणी नळीतून बाहेर उडतं. ओट्यावर आणि टाइल्सवर जे पिवळे शिंतोडे पडतात ते याचे. शिट्ट्या जितक्या जास्त आणि जोरात, तितकी ही उसळी जास्त.

वजनाने दाब राखायची कल्पना बरीच जुनी आहे. डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचं भांडं करून त्यात हाडं मऊ शिजवून दाखवली. भांडं फुटू नये म्हणून त्याने झडपेवर दांडी आणि दांडीला वजन लावलं. आपल्या शिट्टीचा मूळ पुरुष तोच.

पहिली शिट्टी फसवते

झाकण लावलं तेव्हा कुकरमध्ये फक्त पाणी आणि डबे नसतात, हवाही असते. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन डबे ठेवले तरी दोन-तीन लिटर हवा आत राहते. सुरुवातीपासूनच शिट्टी लावून ठेवली तर ही हवा कोंडली जाते. कुकर तापू लागला की ती फुगायला बघते, जागा मिळत नाही, म्हणून तिचाही दाब वाढतो. शिट्टीला मात्र हवेचा दाब कुठला आणि वाफेचा कुठला हे कळत नाही. दोघांची बेरीज 1 किलोने वर गेली की ती उडते.

हिशेब करून पाहू. 30 अंशांची हवा कोंडून 93 अंशांपर्यंत तापवली की एकट्या हवेचा दाब बाहेरच्या सुमारे 1.2 पट होतो. त्या तापमानाला वाफेचा दाब असतो पाऊण पटीच्या थोडा वर. बेरीज झाली जवळजवळ 2 पट. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 1 किलो असतो, म्हणजे आत 1 किलो जास्त झाला, शिट्टीची वेळ. तेव्हा हवा पूर्ण कोंडलेली असेल तर पहिली शिट्टी होते त्या वेळी आत 120 तर सोडाच, 100 अंशसुद्धा झालेले नसतात! प्रत्यक्षात काही हवा रिंगच्या फटीतून आधीच निसटते, म्हणून हा आकडा थोडा वर सरकतो. तरी 120 च्या जवळ तो जात नाही.

पुढच्या प्रत्येक शिट्टीबरोबर हवा आणि वाफेचं मिश्रण बाहेर पडतं, आत हवेचा वाटा कमी होत जातो आणि तापमान चढतं. दोन-तीन शिट्ट्यांनंतर आत जवळपास निव्वळ वाफ उरते आणि मग कुठे खरे 120 अंश मिळतात. दवाखान्यात शस्त्रक्रियेची अवजारं ज्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात, तोही साधारण याच दाबावर, 121 अंशांना चालतो. तिथे आतली हवा बाहेर काढणं ही पहिली पायरी असते, कारण हवा राहिली तर काटा दाब बरोबर दाखवतो पण तापमान कमी भरतं.

घरी याला उपाय सोपा आहे. शिट्टी काढता येत असेल तर झाकण शिट्टीशिवाय लावावं, मोठ्या आचेवर ठेवावं आणि नळीतून वाफेची सरळ, सलग धार येऊ लागली की आणखी अर्ध्या मिनिटाने शिट्टी ठेवावी. आधी जी मधूनमधून भुरभुर येते ती हवाच असते. शिट्टी झाकणालाच पक्की बसवलेली असेल तर पहिली शिट्टी हिशेबात धरू नये. मोठ्या कुकरात सामान कमी असेल तर दुसरीही धरू नये.

एका शिट्टीत किती मिनिटं?

याचं उत्तर गॅसच्या बटणावर आहे. कुकर पूर्ण दाबावर आला की त्याला तिथे टिकवायला फारच थोडी उष्णता पुरते. बाजूंनी जेवढी उष्णता हवेत जाते तेवढी भरून काढली की झालं. त्यावर दिलेली सगळी उष्णता वाफ होऊन शिट्टीतून निघून जाते. मोठ्या शेगडीवरून 1 किलोवॉट जादा उष्णता आत जात असेल तर मिनिटाला सुमारे 27 ग्रॅम पाण्याची वाफ होते. तळाला 400 मिलिलिटर पाणी घातलं असेल तर पंधरा मिनिटांत तळ कोरडा! शिट्ट्या मात्र मिनिटाला दोन-दोन झालेल्या असतात, त्यामुळे कुकर फार काम करतोय असं वाटतं. तोच कुकर बारीक आचेवर ठेवला तर शिट्टी तीन-चार मिनिटांनी एकदा होते, आतलं तापमान तेवढंच राहतं, पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात.

म्हणजे मोठ्या आचेवरच्या सहा शिट्ट्या तीन मिनिटांत उरकू शकतात आणि बारीक आचेवरच्या तीन शिट्ट्यांना दहा मिनिटं लागू शकतात. तीनवाली डाळ मऊ आणि सहावाली कच्ची, याचं कोडं इथेच सुटतं. त्यात कुकरचा आकार आणखी घोळ घालतो. दोन लिटरचा छोटा कुकर चार मिनिटांत पहिली शिट्टी देतो. पाच लिटरचा भरलेला कुकर बारा मिनिटं घेतो, आणि त्या बारा मिनिटांत आतली डाळ अर्धी शिजूनच जाते. इंडक्शनवर गेलेल्या घरांत पहिल्या आठवड्यात सगळं कच्चं राहतं ते यामुळेच: उष्णता झपाट्याने जाते, शिट्ट्या पटापट होतात आणि चार मोजून बटण बंद केलं जातं.

तेव्हा रीत अशी ठेवावी. दाब येईपर्यंत आच मोठी. हवा निघून गेल्यावरच्या शिट्टीला गॅस बारीक करायचा, इतका की वजन नुसतं फुसफुसेल किंवा दोन-तीन मिनिटांनी एखादी शिट्टी होईल. घड्याळ तिथून लावायचं. डाळ किंवा कडधान्य थेट कुकरात असेल तर अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला 8 ते 10 मिनिटं, दोन तास भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीला 12 ते 15, रात्रभर भिजवलेल्या राजमा-छोल्यांना 20 ते 25 मिनिटं धरावीत. मध्यम आकाराच्या सालासकट बटाट्यांना 8 ते 10 मिनिटं पुरतात. मोड आलेल्या मटकीला मिनिट-दोन मिनिटंही पुष्कळ होतात. डब्यातल्या पदार्थांना तीन-चार मिनिटं वाढवावीत, कारण उष्णता डब्याच्या पत्र्यातून आत पोचते आणि दाट डाळीत ती सावकाश पसरते. डाळ नवी की जुनी यावरही फरक पडतो. एकदा आपल्या कुकरचं, आपल्या दुकानातल्या डाळीचं प्रमाण जमलं की ते पुन्हा बदलावं लागत नाही.

भाताला खरं तर कुकरची गरजच नसते. तांदळातला स्टार्च साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, त्याला 120 अंश कशाला? कुकरात भात होतो तो सोयीसाठी, एकाच गॅसवर वरणाबरोबर. म्हणून दोघांची वेळ जुळवायची तर तूरडाळ अर्धा तास भिजवावी आणि तांदूळ आयत्या वेळी धुऊन लावावेत. दोन्ही भिजवले तर वरण होईपर्यंत भाताचा गिचका होतो, इंद्रायणी किंवा आंबेमोहर असेल तर हमखास. डब्यातून पाणी आटत नाही, त्यामुळे उघड्या पातेल्यापेक्षा पाणी कमी लागतं: एक वाटी जुन्या कोलमला दोन वाट्या, नव्या चिकट तांदळाला पावणेदोन. वरच्या डब्यावर ताटली झाकावी, नाहीतर झाकणावर जमलेलं पाणी भातात ठिबकतं.

एकावर एक डबे रचून वाफेवर शिजवायची पद्धत आपल्याकडे प्रेशर कुकरच्या आधीपासून आहे. बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली काढलेला इकमिक कुकर असाच होता. खाली कोळशाची शेगडी, वर डब्यांची उतरंड. त्यात दाब नसे, नुसती वाफ, म्हणून तो सावकाश शिजवी.

कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ शिजत नाही, ती का?

इथे दोष बहुतेक वेळा कुकरचा नसतो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळालं की पेक्टिनचे धागे त्यांच्याशी बांधले जातात आणि विरघळेनासे होतात. हे कॅल्शियम दोन वाटांनी येतं.

पहिली वाट म्हणजे डाळीचं वय. डाळीत फायटेट नावाचा घटक असतो, जो कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतो. डाळ महिनोन्‌महिने उष्ण आणि दमट हवेत पडून राहिली की फायटेट हळूहळू मोडतं, ते कॅल्शियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. वर्षभर साठवलेल्या डाळीला उन्ह दाखवून, कोरडी करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात त्याचा उपयोग फक्त किडीपुरता नाही.

दुसरी वाट पाण्याची. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. खात्री करायची असेल तर एकाच डाळीच्या दोन वाट्या घ्या, एकीत बोअरचं पाणी घाला, दुसरीत घरच्या आरओचं, आणि एकाच कुकरात दोन डब्यांत लावा. पाणी जड असेल तर फरक डावाने घोटतानाच कळतो. अशा घरी फक्त डाळ भिजवायला आणि शिजवायला गाळलेलं पाणी वापरलं तरी काम होतं.

आंबट पदार्थही पेक्टिनला विरघळू देत नाहीत. चिंच, आमसूल, कैरी, टोमॅटो डाळ घोटून झाल्यावरच घालावं. कच्च्या डाळीबरोबर टोमॅटो टाकून कुकर लावला आणि वरण फुटकळ राहिलं, तर टोमॅटोला बोल लावायला हरकत नाही.

मिठावर मात्र आपल्याकडे उगाच आळ आहे. मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. उलट राजमा किंवा छोले रात्रभर लिटरला 10-15 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात भिजवले तर मिठातलं सोडियम सालीतल्या काही कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ होते, फाटतही नाही. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं.

खायचा सोडा पेक्टिन भराभर विरघळवतो, त्यामुळे चिमूटभर सोड्याने अडेल डाळही शिजते. पण सोड्याने ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट होतं आणि हात सैल पडला तर साबणासारखी चव येते. वाटीभर कडधान्याला खरोखरच चिमूट, त्याहून नाही. हळद आणि हिंगाचा शिजण्याशी संबंध नाही. ती चवीसाठी आणि वासासाठी.

पुरणाच्या वेळी हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. हरभऱ्याची डाळ बोटचेपी झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही, हा नियम कडक आहे आणि बरोबर आहे. गुळात कॅल्शियम असतं, तो किंचित आंबटही असतो, आणि साखरेचं दाट द्रावण डाळीला पाणी पिऊ देत नाही. तिन्ही गोष्टी डाळीला आहे त्या अवस्थेत गोठवतात. डाळीत कणी राहिली आणि गूळ पडला, तर पुढे तासभर चटका दिला तरी कणी तशीच राहते. मग पुरण यंत्रातून काढताना हात दुखतात आणि लाटताना पोळी फाटते. म्हणून कट काढण्यापूर्वी एकच पाहणी करावी: डब्याच्या मधोमधची डाळ घेऊन दोन बोटांत चिरडायची. कडेची डाळ आधी शिजते, ती पाहून फसायला होतं. मधली डाळ पीठ होऊन पसरली तरच पुढे जायचं, नाहीतर गरम पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं.

राजम्याबाबत एक इशारा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ज्याने जोराच्या उलट्या-जुलाब होतात. ते खळखळत्या पाण्यात नष्ट होतं, पण 75-80 अंशांच्या मंद आचेवर टिकून राहतं. कुकरमध्ये ही भीती नाही. टणक राहिलेला राजमा मात्र 'चालेल' म्हणून खाऊ नये.

कडेने वाफ, शिट्टी नाही

डाळीतली प्रथिनं आणि सॅपोनिन नावाचा साबणासारखा घटक मिळून फेस करतात. हा फेस नळीत शिरला आणि त्याबरोबर डाळीचं सालपट गेलं की नळी तुंबते. थेट कुकरात डाळ किंवा तांदूळ लावताना पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नये. फुगणारं काही नसेल तर दोन तृतीयांश चालतं. तेलाचे चार थेंब घातले की फेसाचे बुडबुडे टिकत नाहीत. प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावी. दिसत नसेल तर पातळ तार किंवा सुई फिरवून वाहत्या पाण्याखाली धरावी.

नळी तुंबली तर वाफ जाणार कुठे? त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात ठराविक तापमानाला वितळणारा मिश्रधातू बसवलेला असतो. दाब बेसुमार वाढला किंवा तळाचं पाणी संपून झाकण तापलं की तो वितळतो आणि वाफ मोकळी होते. एकदा उडालेला व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही, त्याच मॉडेलचा नवा बसवायचा. भोक एम-सील लावून बुजवणारे लोक आहेत. झाकणावर किती भार असतो याची त्यांना कल्पना नसते. 18 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे 254 चौरस सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण दाबाला त्यावर अडीचशे किलोंचा जोर असतो. नवा कुकर घेताना आयएस 2347 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहावं. 2021 च्या फेब्रुवारीपासून घरगुती कुकरला ते सक्तीचं आहे.

कडेने वाफ जाण्याची कारणं साधी असतात. काठावर शीत चिकटलेलं असतं, रिंग ताठ किंवा ढिली झालेली असते, नाहीतर काठाला पोचा गेलेला असतो. हा पोचा बहुतेक वेळा आपल्याच हाताने येतो: डाळ ढवळून झाली की डाव काठावर ठोकायची सवय. रिंग फ्रीजमध्ये ठेवली की एक-दोन वेळा बसते, कारण थंडीने रबर किंचित आकसतं. पण चिरा दिसू लागल्या की बदलावीच.

वाफ काढून लगेच उघडलं तर?

गॅस बंद केल्यावरही आत 120 अंश असतात आणि शिजणं चालूच असतं. वर दिलेली मिनिटं गॅस बंद करेपर्यंतची आहेत; त्यानंतर प्रेशर आपोआप उतरायला लागणारी 10-15 मिनिटंही शिजण्यातच धरलेली असतात. घाईत चिमट्याने शिट्टी उचलली तर काय होतं? आतलं पाणी 120 वरून 100 अंशांवर यायला बघतं आणि त्या उष्णतेने त्याचा साधारण 3.7 टक्के भाग तत्काळ वाफ होतो. लिटरभर पाण्यातले 37 ग्रॅम, आणि त्यांची वाफ होते साठ लिटरांहून जास्त. एवढी वाफ 3 मिलिमीटरच्या नळीतून निघताना डाळ बरोबर घेऊन येते. छोल्यांच्या आतलं पाणीही असंच उसळतं, म्हणून साली फाटून छोले उघडे पडतात आणि भाताची शितं मोडतात. भाजी जास्त शिजू नये म्हणून वाफ काढायचीच असेल तर ती फ्लॉवर, मटारसारख्या फेस न करणाऱ्या पदार्थांचीच काढावी, तीही वजन जरासं तिरकं करत, टप्प्याटप्प्याने.

राहिला ॲल्युमिनियमच्या कुकरचा काळा तळ. डबे लावून नुसतं पाणी घातलं की जड पाण्यातले क्षार आणि त्याचा अल्कधर्मी गुण यांमुळे ॲल्युमिनियमवर काळसर थर धरतो. तो अपायकारक नाही, दिसायला तेवढा वाईट. तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल किंवा चिंचेचं बुटूक टाकलं की आम्लामुळे थर धरत नाही. आधीच काळा पडला असेल तर त्याच पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून, झाकण न लावता दहा मिनिटं उकळावं आणि मग घासावं. तारेच्या काथ्याने खरवडत बसू नये, त्याने चरे पडतात आणि पुढच्या वेळी क्षार त्यातच जमतात.